गावात बातमी नसताना पण जात जा: तालुक्याच्या वार्ताहराने गावाशी नातं कसं बांधायचं

"आमना गावमा कोनी मरनं तरच तू येस का रे भो?"

बोरी नदीकाठच्या एका गावात एका आजींनी ओट्यावर लसूण सोलता सोलता मला हे विचारलं होतं. रागाने वगैरे नाही, अगदी सहज. माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण त्या दिवशी मी खरंच विहिरीत पडून गेलेल्या एका पोराची बातमी करायला गेलो होतो आणि त्याच्या आधी त्या गावात पाय ठेवला होता तो थेट निवडणुकीत, उमेदवाराच्या गाडीत बसून. म्हणजे गावाच्या हिशोबाने मी दोनच वेळा येणारा माणूस, एकतर मयतीला नाहीतर मतांना.

मी जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेर-पारोळा पट्ट्यात १९ वर्षं तालुक्याची बातमीदारी केली. आता नवीन पोरं भेटली की विचारतात, जिभाऊ, तुम्हाला गावागावातून फोन येतात कसे, आमचा तर कोणी उचलत पण नाही. त्यांना दरवेळी चहावर तेच तेच सांगतो, म्हणून एकदा लिहूनच टाकतो. यातलं बरंचसं मी आधी चुकीचं करून मग शिकलोय.

पहिली गोष्ट, ठरवून जा आणि बातमी नसताना जा. आठवड्यातला एक दिवस एका गावाला द्यायचा, शक्यतो तिथल्या आठवडे बाजाराचा, कारण त्या दिवशी आजूबाजूच्या पाच-सात खेड्यातली माणसं एकाच जागी सापडतात. दरवेळी त्याच चहाच्या टपरीवर बसायचं, त्याच वेळेला, म्हणजे लोकांना कळतं की हा मंगळवारी अकराला इथे असतो. पहिल्या दोन-तीन वेळा कोणी काही बोलणार नाही, तुम्ही विमा विकायला आलात की वसुलीला असं वाटतं त्यांना, बसून राहायचं. वही काढायची नाही, मोबाईल तर अजिबात समोर धरायचा नाही. चौथ्या वेळी कोणीतरी स्वतःहून म्हणतो, तुम्ही पेपरवाले ना, मग आमच्या शाळेच्या छपराचे पत्रे उडालेत ते पाहिलं का. तिथून सुरू होतं.

वेळेचं पण बघा. कापूस वेचणीच्या दिवसात दुपारी गावात फक्त म्हातारी माणसं आणि कुत्री असतात, तेव्हा जाऊन "गावकऱ्यांशी चर्चा केली" असं लिहू नका, संध्याकाळी सातनंतर जा. आणि बाया कुठे भेटतात ते आधी विचार करा, कारण पारावर, टपरीवर, सोसायटीच्या ऑफिसात सगळे गडीच असतात आणि त्यांना पाण्याचं विचारलं तर ते म्हणतात, येतं ना पाणी. पाणी किती वाजता येतं, किती हंडे भरतात, मोटर लावून कोण ओढून घेतं, हे फक्त भरणारीला माहीत असतं. बचत गटाची बैठक, रेशन दुकानाची लाईन, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्रात लसीकरणाचा दिवस, अशा ठिकाणी जायचं. आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांच्याइतकं गाव कोणाला कळत नाही. पण त्यांचं नाव छापून त्यांची नोकरी धोक्यात घालू नका, एवढं पथ्य पाळलं तर त्या वर्षानुवर्षं सांगत राहतात.

एक वही ठेवा. मोबाईलमध्ये नाही, साधी शंभर पानी. मी प्रत्येक गावाला चार पानं देतो. कोणी काय सांगितलं ते डावीकडे, उजवीकडे मी काय कबूल केलं आणि परत कधी जायचंय ती तारीख. ही उजवी बाजूच सगळं काम करते. आपण सगळे बातमी घेऊन येतो आणि छापून आली की विसरतो, गाव विसरत नाही. "पुलाचं काम रखडलं" ही बातमी मी एकदा फोटोसकट छापली आणि मग आठ महिने त्या रस्त्याने गेलोच नाही, नवव्या महिन्यात गेलो तर पूल झालेला. लोक म्हणे, तुमच्या बातमीने झाला जिभाऊ, आम्ही तुम्हाला शोधत होतो उद्घाटनाला. खरं म्हणजे कशाने झाला ते मला आजही माहीत नाही, पण तिसऱ्या महिन्यात एक फेरी मारली असती तर कळलं असतं. बातमी छापली की अंक घेऊन स्वतः जायचं, ज्याने माहिती दिली त्याच्या हातात द्यायचा आणि विचारायचं, बरोबर आहे ना, काय राहिलं? अर्धा तास लागतो. पुढची बातमी बहुतेक त्याच अर्ध्या तासात मिळते.

आता भाषेचं. खान्देश म्हणजे अहिराणी एवढंच धरून चालू नका. आमच्याकडे अमळनेर, पारोळा, धुळ्याकडे अहिराणी, रावेर-यावलकडे गेलात की लेवा बोली, तावडी, गुजर मंडळींची वेगळी, नवापूरकडे मावची, सातपुड्यात वर चढलात की पावरी आणि भिली. प्रश्न त्यांच्या बोलीत विचारता आला तर उत्तम, माणूस लगेच मोकळा होतो. पण येत नसेल तर उगाच "काय म्हनस भो" करून नाटक करू नका, ते लगेच ओळखतात आणि हसतात. धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर जाताना बोली येणारा माणूस सोबत घ्या, पण तो सरपंचाचा किंवा ठेकेदाराचा माणूस नको, कारण मग तो प्रश्न एक विचारतो आणि उत्तर आपल्याला तिसरंच सांगतो. शिक्षक चालतो, नर्स चालते, तिथलाच कॉलेजात शिकणारा पोरगा सगळ्यात चांगला. आणि त्याला त्याच्या दिवसाचे पैसे द्या, फुकटात राबवू नका.

माणसाचं बोलणं छापताना एखादं वाक्य त्याच्या बोलीतच ठेवा, पण विनोद म्हणून नाही. आमच्याकडे सवय अशी की आमदार प्रमाण मराठीत बोलतो आणि शेतकरी तेवढा अहिराणीत, म्हणजे एक साहेब आणि दुसरा गंमत. दोघंही घरी अहिराणीच बोलतात हो. ठेवायची तर दोघांची ठेवा.

सातपुड्यावरून आठवलं. होळीच्या आधी आदिवासींचा भोंगऱ्या बाजार भरला की आणि काठी गावची होळी आली की आपण सगळे कॅमेरे घेऊन वर पळतो, ढोल, मोरपिसं, घुंगरं, फोटो भारी येतात, पान रंगीत होतं. आणि मग वर्षभर त्या पाड्यांचं नाव पेपरात येतं ते फक्त कुपोषण आणि झोळी करून नेलेल्या बाळंतिणीसाठी. दोन्ही खरं आहे पण मधलं सगळं आयुष्य गायब. तिथल्या पोराला स्वतःचा पाडा पेपरात ओळखू येत नसेल तर तो पेपर का वाचेल. त्याच माणसांना जूनमध्ये जाऊन विचारा की भगरीचं बी कुठून आणलं, वनहक्काच्या दाव्याचं काय झालं, आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा आहे तर यांच्या पाड्याची ग्रामसभा पाड्यावर भरते की नाही.

लोकांच्या कामाची बातमी म्हणजे काय, हे मला केळीवाल्यांनी शिकवलं. रावेर-यावल-चोपड्याकडे जो भाव जाहीर होतो आणि जो भाव बांधावर खरोखर मिळतो, यात फरक पडतो हे तिकडचं शेंबडं पोर पण सांगेल. आम्ही वर्षानुवर्षं जाहीर भाव छापत होतो, बागेच्या प्रकाराप्रमाणे, नवती इतके, पिलबाग इतके, कांदेबाग इतके, झालं. एका शेतकऱ्याने फोन करून सांगितलं की तुमच्या या भावाने मला कोणी केळी कापून दाखवावी, मी त्याला पेढे देतो. तेव्हापासून मी ज्यांची कापणी झाली अशा चार-पाच जणांना त्याच दिवशी फोन करायचो, हातातली पावती व्हॉट्सअॅपवर मागवायचो, नाव झाकून जाहीर भावाच्या शेजारी मिळालेला भाव द्यायचो. दोन ओळींचा मजकूर. माझ्या १९ वर्षांत एवढे फोन दुसऱ्या कुठल्या बातमीला आले नाहीत, त्यात शिव्या देणारे व्यापारी पण आले, त्यांची पण बाजू छापली, की मालाची प्रत, गाडीभाडं, वाटेत होणारी नासाडी हे पण बघा. ते पण बरोबर होतं.

तसंच विम्याचं. केळीचा फळपीक विमा हवामानावर आधारित आहे, म्हणजे थंडीने किंवा उन्हाने तुमची बाग जळाली हे बघायला कोणी बांधावर येत नाही, महसूल मंडळातल्या हवामान केंद्राने काय नोंदवलं त्यावर भरपाई ठरते. हे अर्ध्या शेतकऱ्यांना माहीत नसतं आणि मग "बाग गेली तरी विमा नाही" अशी संतापाची बातमी आपण छापतो आणि मोकळे होतो. त्यापेक्षा तुमचं गाव कोणत्या मंडळात, त्याचं केंद्र कुठे बसवलंय, नोंदी कुठे बघायच्या, वादळाने बाग आडवी झाली तर ७२ तासांच्या आत कळवायचं असतं ते कोणाला, हे एका चौकटीत द्या. माणूस ती चौकट कापून ठेवतो. घराच्या कोनाड्यात तुमच्या पेपरचा तुकडा सापडला की समजा जमलं.

अशा चौकटी भरपूर आहेत. नळाला पाणी कितव्या दिवशी, शेतीच्या लाईटचं वेळापत्रक, बंद झालेली एसटीची फेरी, ग्रामसभेची तारीख आणि विषय. ग्रामसभा वर्षातून निदान चार वेळा घ्यावी लागते, पण कित्येक गावात ती कागदावर होते आणि सह्या नंतर घरोघर फिरून घेतात. तुम्ही फक्त चार दिवस आधी "अमुक तारखेला ग्रामसभा, विषय हे" एवढं छापा आणि त्या दिवशी मागच्या खुर्चीवर जाऊन बसा, भाषण नको, काही नको. गर्दी वाढते. माहिती अधिकाराचा अर्ज कसा करायचा ते पण एकदा शिकवून टाका, २००५ चा कायदा, १० रुपयांचं कोर्ट फी स्टँप, ३० दिवसांत उत्तर, आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत. सगळे अर्ज आपणच करून हिरो व्हायची गरज नाही, लोकांना करू द्या, आपण उत्तर छापू.

आता चुकीचं बोलू. एका उन्हाळ्यात मी तालुक्याच्या एका कार्यालयात फोन केला, साहेब म्हणाले त्या गावाला टँकर सुरू झालाय, मी डेडलाइनच्या घाईत छापून टाकलं, "अखेर टँकर सुरू, ग्रामस्थांना दिलासा". दोन दिवसांनी गेलो तर त्याच आजी. पेपर घडी करून कोठीवर ठेवलेला, तो काढला, माझ्यासमोर ओट्यावर पसरला, बोट ठेवलं आणि म्हणे, "हाई तुनी बातमी शे ना? मंग टँकर कोठे शे, दखाड माले." शेजारी रिकामे हंडे ओळीने. मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात ते हेच.

ऑफिसात डेस्कवाले म्हणाले सोड, कोण लक्षात ठेवतंय, फॉलोअप म्हणून "टँकर अद्याप नाही" असं टाक. म्हणजे चूक आपली आणि बातमी पण आपलीच. मी हट्ट धरला, त्याच पानावर, तेवढ्याच जागेत, सरळ शब्दात, की आम्ही खातरजमा न करता छापलं, टँकर सुरू झालेला नव्हता. बरीच बोलणी खाल्ली. पण तो अंक घेऊन मी गावात गेलो, आजींना वाचून दाखवला, त्या एवढंच म्हणाल्या, बरं. त्यानंतर त्या गावातून मला खोटी माहिती कधी आली नाही, उलट "जिभाऊ, आधी येऊन बघा, मग छापा" असं सांगणारे फोन यायला लागले. तर दुरुस्ती ही आतल्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात टाकायची गोष्ट नाही. चूक जिथे तिथेच, आणि शक्य असेल तर स्वतः जाऊन.

व्हॉट्सअॅपचं आता टाळता येत नाही. पण ग्रुप काढू नका, माझं ऐका. मी काढला होता, पंधरा दिवसांत सुप्रभात, गणपती, दोन पक्षांच्या पोरांची हाणामारी आणि एकाने टाकलेला बैल विकणे आहे. फक्त तुम्हालाच टाकता येईल असं चॅनल किंवा ब्रॉडकास्ट ठेवा, दिवसाला तीन-चार मेसेजच्या वर जाऊ नका, आणि उलट येणाऱ्या प्रत्येक मेसेजला उत्तर द्या, "बघतो" एवढं तरी. सातपुड्यात वर रेंजच नाही तिथे हे काहीच चालत नाही, तिथे आपला बाजारचा दिवसच बरा.

आणि हा नंबर लोकांकडे का असायला हवा ते सांगतो. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडे बाजाराचा रविवार. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज त्या दिवसांत सगळ्या मोबाईलवर फिरत होते आणि त्या संशयावरून जमावाने भटक्या समाजातल्या ५ जणांना ठेचून मारलं, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातली, पोटासाठी भिक्षा मागत आलेली माणसं. आपण सगळ्यांनी नंतर पानंच्या पानं छापली. पण आधीच्या आठवड्यात, मेसेज फिरत होते तेव्हा, आपल्यापैकी किती जणांनी पोलिसांना विचारून "अशी एकही तक्रार दाखल नाही" एवढी चार ओळींची बातमी छापली होती? मी नव्हती छापली. मला वाटलं अफवा आहे, तिची कसली बातमी. तेव्हापासून माझा नियम, अफवा दोन गावातून ऐकली की त्याच दिवशी पोलीस ठाण्यात विचारायचं आणि उत्तर चॅनलवर टाकायचं, नाव-तारखेसकट, आणि बोलीत व्हॉइस मेसेज करून पण, कारण वाचता न येणाऱ्याच्या मोबाईलवर तो अफवेचा व्हिडिओ मात्र पोचलेला असतो. मेसेज पुढे ढकलायच्या आधी माणसाला ज्याला फोन करून विचारावंसं वाटतं तो नंबर तुमचा असला पाहिजे, आणि तसा तो एका दिवसात होत नाही, त्यासाठीच ती मंगळवारची टपरी.

पैशाचं सगळ्यात अवघड. तालुक्याच्या वार्ताहराला पगार नसतो, मानधन असतं ते पेट्रोलला पुरत नाही, वरून जाहिरातीचं टार्गेट, वाढदिवसाची पुरवणी, दिवाळी. म्हणजे ज्या सरपंचाच्या गटारीची बातमी करायची त्याच्याकडेच शुभेच्छांची जाहिरात मागायची. मी पण केलंय. एका पेपरात असताना माझी गटारीची बातमी आठवडाभर थांबली आणि त्या आठवड्यात अर्ध्या पानाची जाहिरात आली, गावाला ते माझ्याआधी कळलं. यातून पूर्ण सुटका माझ्याकडे नाही, असती तर मी ती विकली असती. पण काही गोष्टी हातात आहेत. ज्याची चौकशी चालू आहे त्याच्याकडे त्या महिन्यात जाहिरात मागायची नाही. जाहिरात असेल तर वर "जाहिरात" लिहिलेलं असलंच पाहिजे, बातमीच्या कपड्यात नको. पाकीट नको, लग्नातलं जेवण चालतं. आणि गावाला सरळ सांगून टाकायचं की पेपर कशावर चालतो, बातमी कोण निवडतं, तालुक्याचं पान किती वाजता जातं, तुमची बातमी शेजारच्या तालुक्यात का दिसत नाही. लोकांना वाटतं सगळं आपल्याच हातात आहे, न छापणं म्हणजे पैसे खाल्ले. समजावून सांगितलं की निम्मा राग जातो.

काही गोष्टी न छापण्याने पण नातं टिकतं. लैंगिक अत्याचारात पीडितेची ओळख द्यायची नाही हा तर कायदाच आहे, मूल असेल तर पोक्सोत पण तेच. पण नाव न लिहिता आपण लिहितो "मुलीचे वडील गावात पिठाची गिरणी चालवतात". अरे गावात गिरणी एकच आहे ना. हजार वस्तीच्या गावात आडनाव, शाळेचं नाव, मामाचं गाव, काहीही पुरतं. शेतकऱ्याने आत्महत्या केली तर कशी केली ते वर्णन नको, बायकोच्या रडण्याचा फोटो तर नकोच. तेराव्यानंतर जा, कर्ज कोणाचं होतं, मदतीचा प्रस्ताव कुठे अडकलाय ते विचारा, ती बातमी तिच्या कामाची.

वाचनालयात महिन्यातून एकदा लोकांना बोलवा. स्टेज नको, हारतुरे नको, प्रमुख पाहुणे तर अजिबात नको, सतरंजी आणि चहा. विचारायचं एकच, गेल्या महिन्यात आमच्याकडून काय सुटलं. पहिल्यांदा माझ्याकडे चार जण आले, त्यातले दोन चहासाठी. तिसऱ्या वेळी एक दहावीतली पोरगी उठली आणि म्हणाली, संध्याकाळची एसटी बंद झाल्यापासून आम्ही सहा जणी शेवटचा तास सोडतो. चार महिने झाले होते ती गाडी बंद होऊन, मी रोज त्या रस्त्याने जात होतो.

शाळेत पण जा. आमच्या अमळनेरात साने गुरुजी १९२४ ते १९३० शिक्षक होते, तेव्हा वसतिगृहातल्या पोरांसाठी ते हाताने लिहून "छात्रालय" नावाचं दैनिक काढायचे. हाताने लिहिलेला एक कागद, वाचणारे सगळे ओळखीचे. शाळेच्या भिंतीवर तसा कागद आजही लावता येतो, आठवड्यातून एक, पोरांनाच लिहू द्या, तुम्ही फक्त विचारा, हे तुला कोणी सांगितलं, तू बघितलंस का.

शेवटचं एक, जे कोणीच करत नाही. तुम्ही पेपर बदललात किंवा बीट, म्हणजे तुमचा बातमीदारीचा भाग, सोडलं तर नवीन पोराला नंबरांची यादी पाठवून मोकळे होऊ नका. सोबत घेऊन फिरा, प्रत्येक गावात एकदा. मी गेल्या वर्षी माझ्या जागेवर आलेल्या पोराला गाडीवर मागे बसवून आठ गावं फिरवली, वही त्याला दिली. आजींच्या ओट्यावर पण नेलं. त्यांनी त्याला खालून वरपर्यंत बघितलं, गाव विचारलं, आईचं माहेर विचारलं, मग मला म्हणाल्या, याला सांग, मंगळवारी येत जा म्हणावं. तो पुढच्या मंगळवारी गेला नाही, त्याला कसलं तरी उद्घाटन होतं. मला फोन आला.

मी त्याला तो फोन जसाच्या तसा ऐकवला. आता जातो.